आधी ढकला, मग बसा: सेलू रोडच्या साइडिंगवरचा रविवार

सेलू रोड स्टेशनला लागून असलेल्या बंद कापूस-जिनिंगच्या साइडिंगचे, म्हणजे मेन लाइनवरून फुटून गोदामापर्यंत गेलेल्या फाट्याचे, रूळ काढायचे ठरले आहे. हुकमावर शेवटची सही व्हायची आहे, आणि त्याआधी नागपूरचे इंजिनियर साहेब रविवारी जागा पाहायला येणार आहेत. शुक्रवारी सेलू रोडच्या स्टेशन मास्तरांनी ट्रंक कॉलवर मला एवढे पक्के सांगितले आणि लगेच पुस्ती जोडली, "छापणार असाल तर माझं नाव नको बरं का."

या साइडिंगबद्दल वर्षभर मी बहिणीच्या पत्रांतून ऐकत होतो. वर्ध्याच्या बाजूच्या काही निवृत्त रेल्वेवाल्यांनी जिनिंगच्या रिकाम्या गोदामात जुन्या वस्तू जमवल्या आहेत. दर रविवारी ते स्वतःच्या खर्चाने तिथे जातात, दार उघडतात आणि येईल त्याला त्या वस्तू चालवून दाखवतात. पगार नाही, डबा घरचा. रूळ गेले की हे कसे चालणार, एवढेच मला पाहायचे होते. शनिवारी दुपारी नागपूरहून वर्ध्याची पॅसेंजर पकडली.

गाडी रमतगमत जाते. बुटीबोरीला संत्री घ्यावीत. डिसेंबरात ती स्वस्त असतात आणि विकणारी बाई एखादे वर टाकतेच. सिंदीच्या पुढे दोन्ही बाजूंना वेचणी चाललेली दिसते. सेलू रोडला गाडी मिनिटभर थांबली तेव्हा खिडकीतून जिनिंगची चिमणी दिसली, पण मी उतरलो नाही. माझी बहीण वर्ध्याजवळ नालवाडीला राहते, आणि या मंडळींचे सूत्रधार गुलाबराव तिच्या शेजारी.

वर्धा स्टेशनपासून नालवाडीला टांग्याने जावे. रस्ता बरा आहे, पण कापसाच्या गाड्यांमागे अडकलात तर नाकाला रुमाल लावा. टांगेवाल्याने आठ आणे सांगितले होते. मी पन्नास नवे पैसे पुढे केले. त्याने ते उलटेपालटे करून पाहिले.

"हे मले चालते जी," तो म्हणाला, "पन घोड्याले अजून जुनंच समजते."

संध्याकाळी गुलाबराव आले. तीस वर्षे मालगाडीचे गार्ड होते. कोटाचे बटण गळ्यापर्यंत लावलेले, बोलता बोलता घड्याळ काढून पाहायची सवय अजून आहे. त्यांच्या संग्रहाची एक रीत आहे. वस्तूवर चिठ्ठी लावायची नाही. ज्याने ते काम केले त्यानेच ती वस्तू दाखवायची. तो माणूस आजारी असला तर त्या रविवारी ती वस्तू मुकी.

"उद्या या, पाहा," ते म्हणाले. "आज सकाळीच मी एकटा जाऊन आलो. साहेब पाहातच राहातील, असे रूळ चमकवून ठेवले हायेत."

रविवारी सकाळच्या पॅसेंजरला फलाटावर संपतभाऊ भेटले. हे वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेचे, रेल्वेत ट्रॉलीमन होते. लाइनची पाहणी करणारे साहेब ज्या चार चाकांच्या उघड्या ट्रॉलीवर बसतात, ती मागून ढकलणारा माणूस. अंगाने काटक, पायांत वहाणा नाहीत. गाडी हलली आणि या दोघांचा वाद सुरू झाला. तो बहुधा आठवडाभर चालू असावा, कारण दोघांनी मधूनच सुरुवात केली.

"आजच्या दिवस नियम बाजूला ठेवा, संपतभाऊ."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? साहेब हाये तो. सही त्याच्या हाताची हाये."

"हात हायेत ना? मंग ढकलता येते."

"तुम्हाले मजाक सुचून राह्यली, अन् इकडं माझा जीव वरखाली होऊन राह्यला!"

नियम काय, ते संपतभाऊंनी मला सांगितले. साइडिंगवर त्यांची एक जुनी ट्रॉली आहे. तिच्यावर ज्याला बसायचे, त्याने आधी ती गोदामाच्या भिंतीपासून रूळ संपतात तिथल्या अडसरापर्यंत ढकलायची. येताना त्याला बसवून आणतात.

"पंचवीस वर्सं ढकलली जी. उन्हाळ्यात रूळ तापला का पायाले चिंध्या बांधून धावाचं. साहेब बाकावर, वर छत्री. परसाल दसऱ्याले नागपुरात दीक्षा घेतली, अन् गाडीत येता येताच ठरवलं, आता फुकट कोनाले ढकलाचं नाई. ज्यानं ढकललं त्याले मी ढकलीन. मंग तो कलेक्टर असो का कोतवाल."

"आणि त्यापायी रूळच गेले तर?" मी विचारले.

"तेच तं," ते म्हणाले. "रूळ गेले तं ढकलाचं काय अन् बसाचं काय."

सेलू रोडला उतरले की जिनिंग चार मिनिटांच्या चालीवर आहे. सेलू गाव तिथून दूर आहे, तेव्हा खाण्याची सोय बरोबर ठेवा. नाहीतर माझ्यासारखे नशीब काढा. गोदामाच्या दाराशी चंद्राबाईंनी तीन दगडांच्या चुलीवर तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या होत्या. नवरा वारल्यावर रेल्वे फाटक या बाईंनी एकटीने सांभाळले. माझी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी मला खालून वर पाहिले.

"पेपरवाले? हातपाय चालतात का नुसती लेखनीच?"

आत हातकंदील, झेंड्या, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, सिग्नलचा खांदाभर उंच दांडा. पाहणारे तास दीड तासात शंभरेक जमले असतील. सेलूचे दुकानदार पोराबाळांसह, आसपासचे शेतकरी, बोर नदीकडच्या रानातून गवताच्या गाड्या घेऊन आलेले एक गोंड कुटुंब. त्या कुटुंबातल्या म्हाताऱ्याने सिग्नलचा दांडा ओढला, बाहेरच्या खांबावरचा हात खाडकन पडला, आणि घरची सगळी माणसे गोंडीत एकदम बोलू लागली. म्हाताऱ्याने दांडा आणखी चारदा ओढला. एक पाटील मागे ताटकळत होते. चंद्राबाई त्यांना म्हणाल्या, "थांबा जी. मेल बी थांबते सिग्नलले, तुम्ही कोन?"

ट्रॉली मात्र गुलाबरावांनी साहेब येईपर्यंत बंद ठेवली होती.

साहेब अकराच्या सुमारास जीपमधून आले. चाळिशीचे, चष्मा, बरोबर एक शिपाई. फार बोलत नव्हते. गोदाम भरभर पाहिले, कंदिलाकडे लक्ष दिले नाही, आणि थेट रुळांकडे गेले. रूळ खरोखरच आरशासारखे होते. गुलाबरावांनी ट्रॉलीच्या बाकावर धुतलेली चादर अंथरली होती. "बसावं साहेब," ते म्हणाले आणि संपतभाऊंकडे पाहिले. गुलाबरावांच्या डोळ्यांत विनवणी होती.

संपतभाऊ हलले नाहीत. मग त्यांनी गोदामाकडे पाहिले, दारात उभ्या गर्दीकडे पाहिले, आणि ट्रॉलीच्या मागे जाऊन उभे राहिले. नियम मोडायचे त्यांनी ठरवले होते. चंद्राबाईंनी तोंड फिरवले. साहेब बसले. संपतभाऊंनी दांडा धरला, एक पाय रुळावर ठेवला, जोर लावला आणि धाडकन कुशीवर पडले.

ट्रॉली हलली नव्हती. संपतभाऊ उठून बसले, रुळावर बोट फिरवले आणि ते नाकाशी नेले.

"याले तेल कोनं लावलं?"

"मीच," गुलाबराव म्हणाले. आवाज अगदी खाली. "कंदिलाच्या पितळेले लावतो, तसं. चमक यावी म्हनून."

"गुलाबराव, तीस वर्सं तुम्ही याच रुळावरून गेले न जी?"

"डब्यात बसून गेलो," गुलाबराव म्हणाले.

साहेब उतरले होते. त्यांनीही बोट फिरवून पाहिले, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. "ट्रॉली अडसरावर आदळली असती," ते म्हणाले. "ब्रेकही धरला नसता."

चंद्राबाईंनी चुलीतली राख घमेल्यात भरून आणली. पोत्याचे तुकडे फाडले गेले. पुढचा अर्धा तास सगळे, म्हणजे पाटीलही आणि गोंड म्हाताराही, उकिडवे बसून रुळाला राख चोळत होते. मीही चोळली. साहेब तेवढ्यात शिपायाकडून माप घेऊन दोन रुळांमधले अंतर तपासत पुढे गेले. चार ठिकाणी वाकून रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या पाहिल्या. परत आल्यावर विचारले, "याच्या चाव्या कोण ठोकतं?"

"आमीच. दर रविवारी," संपतभाऊ म्हणाले.

"अंतर बरोबर आहे." माप शिपायाकडे देत साहेब म्हणाले, "वजन ठेवून चालवून दाखवा. मला सांधे दबतात का ते बघायचं आहे. मी चालत येतो."

वजन म्हणून गुलाबरावांना बसवले. त्यांनी नियमाप्रमाणे केव्हाच ढकललेले होते. मी नवखा, म्हणून मी ढकलायचे. संपतभाऊ डाव्या रुळावर चढले आणि मला म्हणाले, "तुम्ही खाली रुळांमधल्या लाकडी स्लीपरवर पाय टाका. रुळावर धावाले दोन वर्सं लागतात." ट्रॉली निघाली. पहिली दहा पावले जड, मग ती आपोआपच ओढून नेते. संपतभाऊ त्या अडीच बोटे रुंद लोखंडावर असे धावत होते की जणू अंगणात धावताहेत. खाली बघत नव्हते. मी विचारले, मागून गाडी आली तर कळायचे कसे? "तळपायाले कळते," ते म्हणाले. "कानाच्या आधी."

साहेब उजवीकडून चाकाकडे बघत चालले होते. सांधा आला की वाकायचे. ट्रॉलीने वेग घेतला तेव्हा त्यांनाही पळावे लागले, आणि वाकून पळताना तोल जाऊ नये म्हणून त्यांनी मागचा दांडा धरला. पुढच्या सांध्याला दुसरा हातही आला. संपतभाऊंनी ते पाहिले. मला डोळ्यांनी खुणावले, गप्प. आम्ही तिघे ढकलत अडसरापर्यंत पोचलो.

मागून गर्दीबरोबर चंद्राबाई पळत आल्या होत्या.

"ढकललं! साहेबानं ढकललं!"

"मी सांधे बघत होतो," साहेब म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

"हात ठेवले का नाई? दोन्ही हात होते जी. मी काय आंधळी हाव?"

साहेबांनी आपल्या तळव्यांकडे पाहिले. काळे झाले होते. "होते," ते म्हणाले.

"मंग बसा आता," संपतभाऊ म्हणाले, आणि चादर झटकली.

येताना बाकावर साहेब आणि मी. मागे संपतभाऊ धावत होते, आणि एवढ्या लोकांनी दांड्याला हात लावला होता की ब्रेक मलाच ओढावा लागला.

शेंगा खाता खाता साहेबांनी आपले मत सांगितले. मेन लाइनला जोडलेला आणि वापरात नसलेला रूळ तसाच ठेवणे धोक्याचे. त्यावर बिनपरवाना ट्रॉली चालवणे तर त्याहून वाईट. पण जोडणीतला एक रूळ काढून साइडिंग मेन लाइनपासून तोडली, तर बाकीचे रूळ नुसते जमिनीवर पडलेले लोखंड. जिनिंगच्या मालकाची हरकत नसेल तर ते घाईने उचलायचे कारण नाही. तसा शेरा ते लिहितील. वरून मान्य होईलच, असे मात्र सांगता येत नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुलाबराव वाजवत नव्हते.

"मंग इंजिन?" ते म्हणाले.

या मंडळींनी एक मोडीत निघालेले जुने इंजिन मागायचे ठरवले होते, अर्जही लिहून ठेवला होता. ते आपल्या चाकांवर, याच जोडणीवरून आत येणार होते. जोडणी तुटली की इंजिनाची वाट बंद. साहेबांनी चष्मा पुसला. "दोन्ही मिळणार नाही," ते म्हणाले. एवढे स्पष्ट बोलले, हे बरे केले.

संपतभाऊ म्हणाले, "तो रूळ काढाल, तं न्याल कुठं?"

"डेपोत."

"इथंच बाजूले ठेवला तं? कधी इंजिन भेटलं, तं परत लावता येईन."

साहेबांनी यावर हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. जीपमध्ये बसताना एवढेच म्हणाले, "गुरुवारी गँग पाठवतो."

संध्याकाळच्या गाडीने मी तसाच नागपूरला परतलो. सोमवारी कचेरीचा जिना चढताना मांड्यांनी तक्रार केली. नखांतली राख दोन दिवस निघाली नाही. संग्रहालये मी बरीच पाहिली आहेत. वस्तू काचेत, मी बाहेर, आणि मधे ओळभर माहिती. सेलू रोडला माहिती कुठेच लिहिलेली नाही. ती संपतभाऊंच्या तळपायांत आहे आणि चंद्राबाईंच्या आवाजात, आणि ही माणसे साठीच्या पुढची आहेत. जायचे असेल तर वर्ध्याहून सकाळची पॅसेंजर धरा, गुळगुळीत तळाचे बूट नकोत, आणि ढकलायची तयारी ठेवा. हे फार दिवस पुढे ढकलू नका, एवढे मात्र मनापासून सांगतो.

आज बुधवार. स्टेशन मास्तरांनी सकाळी कळवले की गँग उद्या दहाला येते आहे. एक रूळ उचलायला बारा माणसे लागतात, आणि गँगमध्ये सध्या आठच आहेत. उरलेले चार जण साइडिंगवरच्या मंडळींतले असतील. संपतभाऊंनी मुकादमाला आधीच गाठून पुढचे टोक मागून घेतले आहे. रूळ खांद्यावर असताना मागचे अकरा जण पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकतात, आणि तो जिथे थांबेल तिथेच रूळ खाली ठेवला जातो.