रंगानंतरचा खिळा

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत रंगकामाला सगळे एकाच रंगाऱ्याला बोलावतात. दिल्या वेळेला येतो, लादीवर थेंब सांडत नाही. बोलतो मात्र अगदी हळू, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा. मागच्या वेळी काम संपल्यावर त्याने हॉलच्या भिंतीवर हात फिरवला आणि न विचारता एक खिळा ठोकला. मी वैतागलेलोच.

"अरे, नव्या रंगाला भोक कशाला?"

"राहू दे काका. लागतो."

वर्षाच्या आत त्या खिळ्यावर आईचा फोटो लागला, हारासकट.

तरी यंदा दिवाळीआधी त्यालाच बोलावलं. एवढं चोख काम दुसरं कोण करतं? काल तो गेल्यावर पाहिलं, आईच्या फोटोशेजारी नवा खिळा आहे.

या घरात आता मी एकटाच राहतो.