पिशवीतला नारळ

माझी उडायची पिशवी मी आदल्या संध्याकाळी भरते, जेवणातून उठून पुन्हा उपसते आणि सकाळी परत भरते. घरात याला ‘हिचं सुरू झालं’ असं म्हणतात. आठवडाभर बेळगावातल्या कॉलेजात गणित शिकवायचं आणि जमेल त्या रविवारी सांबऱ्याच्या विमानतळावरून भाड्याचं छोटं विमान घेऊन वर जायचं, असा माझा संसार. लायसन्स मिळून बरीच वर्षं झाली, पण पिशवी भरताना हात अजून एका जागी ठरत नाहीत.

हेडसेट, त्याच्या जादा बॅटऱ्या, नकाशा, मांडीला बांधायची पाटी. पेन्सिली, कारण पेन वर गेलं की गळायला लागतं. भर उन्हात उडायचं असलं तरी टॉर्च. पेट्रोलात पाणी उतरलंय का ते बघायची पारदर्शक नळी. उलटीच्या पिशव्या मला लागत नाहीत, शेजारी बसणाऱ्या शूरवीरांना लागतात. सगळं भरून झालं की पिशवी ताणकाट्याला अडकवायची. एस्टीत रेटून बसवलं की आणखी एक माणूस मावतो, छोट्या विमानात पिशवीचंसुद्धा वजन धरावं लागतं.

त्या रविवारी शेजारी बसणार होती माझी आई.

निपाणीपलीकडचं बोरगाव हे तिचं माहेर. गाडीनं गेलं तर फार लांब नाही. पण शेताच्या वाटणीच्या वेळी थोरल्या मामानं, म्हणजे तिच्या अण्णानं, सगळ्यांसमोर ‘दिल्या घरच्या पोरींनी यात तोंड घालू नये’ असं सुनावलं आणि आई भरल्या ताटावरून उठली. ‘ह्या उंबऱ्याला परत पाय लावणार न्हाय,’ म्हणाली. कितीतरी वर्षं तिनं तो लावलाही नाही. मामानंही कधी फोन केला नाही. दोघं एकाच माळेचे मणी. मग एक दिवस मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, “तुझ्या विमानातनं बोरगाव दिसतंय का गं?”

“दिसतं की.”

“मग वरनंच बगून येऊया. पाय लावायचा प्रश्नच न्हाय.”

तेव्हापासून मला चैन नव्हतं. धुरकट हवा असली तर? तिला चक्कर आली तर? घरच सापडलं नाही तर? ती दुसऱ्यांदा म्हणणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पिशवी चारदा उपसली.

तरी विमानाच्या हँगरपाशी ती उचलली आणि हातालाच कळलं, जड आहे. नकाशाखाली शेंडीसकट नारळ होता.

“आई! हा कुणी घातला?”

“म्हायेराला रिकाम्या हातानं जातंय व्हय कुणी?”

“अगं, आपण तिथं उतरणार नाही!”

“म्हणून काय झालं? घरच्या देवाचा हाय. असू दे की.”

माझं डोकंच फिरलं. नारळ घरंगळत माझ्या पायाजवळच्या पेडलखाली गेला तर दोघींना थेट देवापाशीच पोचवेल, असं मी ओरडले. ती शांतपणे पदर खोचत राहिली. शेवटी वजनाचा हिशेब पुन्हा केला, नारळ पिशवीत कोंबला, चेन ओढली आणि पिशवी मागच्या सीटला पट्ट्यानं आवळून बांधली. आईपुढे गणित चालत नाही.

काकतीचा डोंगर मागे पडला, हिडकल धरणाचं पाणी चकाकून गेलं. आईनं पदर मुठीत धरला होता. माझी नजर इंजिनच्या काट्यांवरून पेट्रोलवर, तिथून तिच्या तोंडावर आणि परत काट्यांवर फिरत होती. संकेश्वरनंतर हवा इतकी धुरकटली की निपाणी दिसली नाही तर परतायचं, असं मी मनाशी ठरवलं. तेवढ्यात निपाणी दिसली. पुढे ऊस, तंबाखूची शेतं, आणि माझ्याआधी आईलाच सापडलं. “त्यो बग पिंपळ. त्याच्या अंगाला घर.”

तिची खिडकी उजवीकडे, म्हणून मी विमान उजवीकडे वळवलं. अंगणात पांढरं धोतर नेसलेलं कुणीतरी दारातून गोठ्याकडे निघालं होतं.

“अण्णा हाय त्यो.”

“एवढ्या वरून कसं कळणार?”

“मला कळतंय.”

वळणात घर शेपटामागे गेलं. पूर्ण फेरी मारून परत आलो तेव्हा तो माणूस अजून अंगणाच्या मध्यावरही पोचला नव्हता. भिंतीला हात टेकून उभा होता. त्यानं वर बघितलं नाही.

“एवढं चालायला एवढा येळ?” आई स्वतःशीच म्हणाली.

“आणखी एक फेरी मारू?”

“नको.”

सांबऱ्याला उतरेपर्यंत ती खिडकीतून मागेच बघत होती. मला वाटलं, तिला आणायलाच नको होतं.

घरी येऊन नेहमीसारखी पिशवी उपसायला घेतली. हेडसेट काढला, नकाशा काढला, नारळाला हात घातला.

“त्यो राहू दे आतच,” आई म्हणाली. “उद्या कॉलेजला सुट्टी टाक. गाडी काढ.”

मी नारळ सोडला. “आणि तुझा उंबरा?”

“बगितलंस न्हवं, कसा चालतोय त्यो?” ती म्हणाली. “त्याला दारापातूर यायला येळ लागंल. आपण लवकर निघूया.”