लिलाव होईपर्यंत
माझे वडील, आमचे तात्या, हृदयविकाराचा झटका अंगावर घेऊन कळसहून बारामतीला आले आणि दवाखान्यावरून पुढे मार्केट यार्डात गेले. टेम्पोत टोमॅटोचे क्रेट होते. मालाजवळ मालक उभा नसला की भाव पडतो, ही आमच्याकडची पक्की समजूत. म्हणून घाम पुसत, क्रेटला धरून ते लिलाव होईपर्यंत उभे राहिले. कळ पहाटे सहाला सुरू झाली होती. दवाखान्यात आले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये मी काम करते. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. कॉलेजात असताना वह्या भिजू नयेत म्हणून तात्यांनी खताच्या पिशवीचं दप्तर स्वतः दाभणाने शिवून दिलं होतं. ते अजून माझ्याकडे आहे.

अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या रक्ताची सीआरपी तपासणी मीच लावली. शरीरात कुठे दाह चालू असला की हा आकडा चढतो. हृदयाचा तुकडा मेला की तो साफ करायला शरीर धावतं, तेव्हाही चढतो. मशीनने आकडा दिलाच नाही, मर्यादेबाहेर असं दाखवलं. मी मशीन तपासलं, नमुना पातळ करून पुन्हा लावला. एखादा रिपोर्ट चुकीचा निघावा म्हणून इतकी धडपड मी नोकरीत कधी केली नव्हती. तो बरोबर होता.

डॉक्टर म्हणाले, "दाह एवढा आहे म्हणजे नुकसानही मोठं असू शकतं. इकोत कळेल." इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग पस्तीस टक्के निघालं; निरोगी हृदयाचं साठच्या आसपास असतं.

घरी आणल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बिस्किटाचे पुडे, शहाळी, आणि प्रत्येकाच्या तोंडी कौतुक. सगळ्यांत पुढे माझे थोरले चुलते, आबा. तात्यांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "मर्द गडी! छातीत कळ आन् ह्यो बाबा लिलावात उभा. हाय का कुणाची छाती?"

तात्या हसले. खरंच हसले. त्या हसण्याचा मला जो संताप आला, तो लिहितानाही उतरलेला नाही.

"छाती राहिलीय कुठं, आबा?" मी म्हणाले. "जेवढा वेळ उभे राहिले, तेवढं हृदय मरत होतं."

"आगं पर नळी टाकली न्हवं? पाणी चालू झालं की."

"ठिबकची नळी चार दिवस तुंबली आणि मग सोडवली, तर वाळून गेलेली रोपं उठून बसतात का?"

आबांनी बशीतला चहा संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढी शिकलेली तू, दवाखान्यातच कामाला. मग आमच्या भावाला आवरलं का न्हाईस?"

तात्या घाईने म्हणाले, "तिला कुठनं ठावं? मी कुणाला बोललोच न्हाय."

ते खोटं होतं. झटक्याच्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांचा मला फोन आला होता. "छातीत जळजळतंय गं, घाम बी सुटलाय. कंची गोळी घिऊ?" मी फोन खांद्यात दाबून रक्ताच्या नळ्यांवर नावं लिहीत होते. पित्ताच्या गोळीचं नाव सांगितलं. घाम हा शब्द ऐकला होता, तरी सांगितलं. साठ वर्षांच्या माणसाला घाम आणि छातीत जळजळ म्हणजे काय असू शकतं, हे गावात कुणाला कळो न कळो, मला कळायला हवं होतं. गावावर चिडत होते, तेव्हा मी स्वतःवरच चिडलेली होते, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून आवाज चढवत होते.

"बोलले होते," मी म्हणाले. "साडेसहाला. मी पित्ताची गोळी सांगितली."

तात्या माझ्यावर खेकसले, "हे चार माणसांत सांगायची काय गरज हुती?"

"होती. आबा, घाम येऊन छातीत जळजळलं तर मला फोन करत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. माल सडला तरी चालेल."

आबांनी मान डोलावली. पण तात्या तेवढ्यात पुटपुटलेच, "भाव मातूर चांगला लागला हुता त्या दिवशी."