सूतभर मावशींचं मुद्दाम बिघडवलेलं पेन

कल्पना करा, तुमच्या हातात वीतभर लांबीचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा दांडा आहे. तो लेथच्या, म्हणजे कातकामाच्या यंत्राच्या, जबड्यात आवळायचा, फिरवायचा आणि बरोब्बर मध्यातून भोक पाडायचं. दांडा केसभर जरी बाजूला बसला, तरी पेनाची भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ. उजेडात धरलं की चोरी उघडी. आता हेच काम जाणूनबुजून बिघडवा. धजेल हात?

सूतभर मावशींचा धजला. दांडा मध्यातून सरकावा म्हणून त्यांनी एका जबड्याखाली पत्र्याचा तुकडा सारला आणि भोक पाडलं.

उभा जन्म नकाशे काढण्यात गेलेला. निवृत्तीनंतर त्या हौशी पेन बनवणाऱ्यांच्या गटात आल्या. स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत महिन्यातून एकदा बैठक. पेन हातोहात फिरायचं, प्रत्येकाने त्याने एक ओळ लिहायची, आधी खोट सांगायची, मग कौतुक. बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. मावशी कुणाचीच भीड ठेवत नसत. "सूतभर चुकलंय," हे पालुपद, म्हणून हे नाव. दातांच्या डॉक्टरचं पहिलं पेन पाहून त्या म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, याने लिहायचं की दार अडकवायचं?"

पण गेल्या दोन वर्षांत नजर अधू झाली, बोटांची टोकं बधिर झाली. आपल्या पेनातल्या खोटी आपल्यालाच कळेनात. नेमकं तेव्हाच गटाचं बोलणं गुळमट झालं होतं. हात अजून चालतोय की नाही, एवढंच मावशींना कळायला हवं होतं. म्हणून हा सापळा: ही ढळढळीत खोटही कुणी दाखवली नाही, तर आजवरचं कौतुकही खोटं.

पेन टेबलाभोवती फिरलं. गटातल्या घड्याळजीने ते खिडकीकडे धरलं, लगेच खाली घेतलं आणि म्हणाला, "क्लिप जरा घट्ट आहे. बाकी झकास!"

"रंग काय सुरेख," शिक्षिका म्हणाली.

डॉक्टरने ओळ लिहिली आणि न बोलता पेन पुढे सरकवलं.

मावशींनी त्याला जिन्यात गाठलं. "भोक दिसलं ना?"

"मावशी, या वयात तुम्ही एवढं करता, हेच..."

"वय नाही विचारलं. भोक विचारलं."

डॉक्टर दोन पायऱ्या खाली होता, तिथेच थांबला. "दिसलं. सगळ्यांनाच दिसलं."

"मुद्दाम पाडलं होतं मी," मावशी विजयाने म्हणाल्या. "तुमची खोड मोडायला. आता मागच्या खेपेच्या पेनाचं सांग. ते जीव ओतून केलं होतं."

तो कठडा चाचपत राहिला.

"सांग की रे. दात उपटताना एवढा विचार करतोस?"

"मावशी, त्या मानाने आजचं बरं आहे."

मावशींनी मान हलवली; जणू कुणी वेळ सांगितली होती. "कधीपासून?"

"ठरवून नाही झालं. एकदा कुणालाच बोलवेना, मग तसंच चालू राहिलं."

"मी तुम्हाला असं फसवलं असतं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. "म्हणून तर आम्ही शिकलो."

घरी येऊन मावशींनी दोन वर्षांतली एकोणीस पेनं टेबलावर ओळीने मांडली. एकेक उजेडात धरलं. सगळी सारखीच धूसर. टोपणं काढून काचेवर घरंगळवली, भिंत जाड-पातळ असेल तर अडखळल्याचा आवाज येईल म्हणून कान लावला, काही उमगेना. लेथवर चादर टाकायची, हे तर जिन्यातच ठरलं होतं. त्याचं दुःख एकवेळ पचेल. पण या एकोणिसांतलं खरोखर साधलेलं शेवटचं पेन कोणतं, आणि ते आता कुणाच्या शब्दावर मानायचं?