प्रासोजोच्या खोलीतली वायर

पाक मार्सुदींनी जावातल्या योग्याकर्तात तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढून काढली. निवृत्त झाल्यावर घरामागे नऊ खोल्या बांधून भाड्याने दिल्या. तिसरीत मी, कपडे शिवून पोट भरणारी. नेट सगळ्यांत एकच आणि त्यावर पाकांचं राज्य; पाक म्हणजे बाबा, त्यांना सगळेच तसं म्हणत. ओसरीतल्या फळ्यावर त्यांनी खडूने लिहिलं होतं: मोठ्या फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्याने खोली सोडावी.

त्या वर्षी नेट पार रखडायला लागलं. सातव्या खोलीतली युलियाना फ्लोरेस बेटावरून आलेली, व्हिडिओवर पोरांना गणित शिकवायची. शिकवताना तिचा चेहरा मधेच गोठायचा आणि पोरं पसार व्हायची. पाकांना मात्र तिचाच संशय.

"दिवसभर नेटवर तूच असतेस. महिनाअखेर खोली रिकामी कर."

"मी फक्त शिकवते हो, पाक."

"सगळे असंच म्हणतात."

तेव्हा मीही मान डोलावली, याची अजून लाज वाटते. एकुलता एक मुलगा प्रासोजो अपघातात गेल्यापासून पाक असेच कडवट झाले होते. त्यांच्याशी वाद घालायला कुणी धजत नसे.

युलियाना धजली. "लाइनमन ना तुम्ही? मग दोष शोधा. माणूस कसला शोधताय?"

हे त्यांना लागलं. रविवारी सकाळी त्यांनी आपली जुनी रीत काढली. एकेक खोली तोडत जायचं, जी तोडल्यावर ओढ थांबेल ती चोर. पहिली तोडली, दुसरी तोडली. सातवी तोडली तेव्हा सगळ्यांनी युलियानाकडे पाहिलं. राउटरचा दिवा लुकलुकतच होता. नऊही खोल्या तुटल्या तरी तो थांबेना.

मग पाक भिंतीवरच्या उरलेल्या वायरीला हात लावत चालू लागले. वायर त्यांच्याच घरात शिरली आणि प्रासोजोच्या बंद खोलीत गेली.

"काखेत कळसा," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

आत प्रासोजोचा संगणक चालू होता.

"ते मला माहीत होतं," पाक म्हणाले. "त्याचा पंखा घरघरतो ना. बाहेरून ऐकलं की पोरगा आत बसलाय असं वाटतं. म्हणून नाही बंद केला. तो नेट खातो हे कुठं ठाऊक होतं?"

युलियाना पडद्यासमोर बसली. गावोगावच्या सावल्यांच्या बाहुल्यांचे खेळ प्रासोजोने स्वतः ध्वनिमुद्रित केले होते. जगात कुठूनही कुणी मागितलं की हा संगणक प्रत देत बसायचा. आमची सगळी लाइन त्यातच जात होती. तिने एक खेळ लावला. झांजा-घंटांचं गामेलान वाजत होतं आणि त्यात कुणीतरी जोरात घोरत होतं. मग अगदी जवळून प्रासोजोचा हसरा, दबका आवाज आला: "पाक, झोपलात का?"

"खेळात भीम यायच्या आधीच मला डुलकी लागायची," पाक म्हणाले. "माझं घोरणं जगभर वाटलंय लेकाने." त्यांनी दाराची चौकट धरली.

मग ते युलियानाकडे वळले. "चुकलो पोरी. खोली सोडू नकोस. पण हे बंद करा, असं इतक्यात म्हणू नकोस. हजारावा दिवस होऊ दे."

आमच्याकडे माणूस गेल्यावर हजाराव्या दिवशी थडग्यावर दगड बसतो, आणि गेलेल्या माणसाला मोकळं सोडायचं असतं. पाच महिने उरले होते. युलियानाने संगणकाला थेंबभर वाट ठेवली, बाकीचं नेट आम्हाला मिळालं. पाकांनी फळा पुसला.

हजाराव्या दिवशी दगड बसला, दुआ झाली, तांदळाचे अपेम वाटून झाले. दुपारी पाकांनी आम्हा दोघींना प्रासोजोच्या खोलीत बोलावलं.

"चला, बंद करू."

युलियाना पडद्याकडे बघतच राहिली. "कुणीतरी अजून घेतंय, पाक. तोच खेळ, तुमच्या घोरण्याचा. थोडाच राहिलाय. पण या वेगाने अजून दोन दिवस लागतील."

पाक ओसरीत गेले. "सगळ्यांनी आपापलं नेट बंद करा," ते म्हणाले. "आज लाइन माझ्या पोराची."

नऊही खोल्यांनी बंद केलं, कुणी कुरकुरलं नाही. युलियानाने संगणकाची वाट मोकळी केली. पाऊण तास पाक मुलाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. खेळ पूर्ण पोचला, तसं त्यांनी बटण दाबलं.

पंखा मंदावला आणि थांबला. ते घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आवरेना.

पाक काळ्या पडद्यापुढे तसेच बसून होते. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "नाही रे, जागा आहे मी."