खांद्यावरचा रिकामा कॅमेरा

आमच्या स्टुडिओच्या कॅसेटींमधली लग्नं तिरकी दिसायला लागली, तेव्हा अण्णांनी दोष कॅमेऱ्याला दिला. दोष माझ्या डोळ्याचा होता आणि ते मला माहीत होतं.

अण्णा म्हणजे माझे मालक. नारायणगावात एसटी स्टँडच्या मागं त्यांचा फोटोचा आणि लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. मी परभणीकडचा. आठवीतून शाळा सुटली. पुढं गावच्या चार-पाच जणांबरोबर टोमॅटोच्या बाजारात क्रेट भरायला इकडं आलो. हंगाम संपल्यावर बाकीचे परत गेले, मी राहिलो. घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. अण्णांनी आधी झाडलोट दिली, मग वायरी गुंडाळायला दिल्या आणि दोन वर्षांनी तो मोठा व्हीएचएस कॅमेरा माझ्या खांद्यावर ठेवला. झोपायला स्टुडिओचा माळा होता, वहिनींच्या हातचं दोन वेळचं ताट होतं. अण्णांनी मला कधी नोकर म्हटलं नाही. कुणी विचारलं तर "आमचा माणूस हाये" म्हणायचे. त्या एका शब्दावर मी इतकी वर्षं परमुलखात काढली. म्हणून पुढचं लिहिताना हात अडखळतो.

घाटघरच्या वाटेवरच्या एका गावात लग्न होतं. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं आणि कॅमेऱ्यातला बॅटरीचा दिवा लुकलुकायला लागला. मी कॅमेऱ्यापासून डोळा बाजूला घेऊन खिशातली दुसरी बॅटरी चाचपली, तेवढ्यात अक्षता पडल्या. तिथं अक्षता कुणी हळूच टाकत नव्हतं. तरणी पोरं लांबून मूठ भरून मारत होती, आणि शूटिंगवाला नवरा-नवरीच्या तोंडासमोर. एक दाणा उजव्या डोळ्यात बसला. पाणी मारलं, रुमाल दाबला आणि पाठवणीपर्यंतचं शूटिंग उरकलं. पुढच्या नऊ दिवसांत सात लग्नं होती. वहिनी दोनदा म्हणाल्या, डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, डोळे आलेत, जातील. लग्नसराईत कॅमेरा खाली ठेवला तर अण्णा तो दुसऱ्याच्या हातात देतील, ही धास्ती मोठी होती.

मंचरला डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो तोवर बुबुळावर जखम झाली होती. दोन महिने थेंब घातले. ठणका गेला, पण डोळ्यात फूल पडलं, पांढरा डाग राहिला. उजव्या डोळ्यानं बघितलं की दुधाच्या पिशवीतून बघितल्यासारखं दिसायचं. उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. हॅलोजनचा त्रास होतो असं सांगून मी फिकट काळा चष्मा घेतला. अण्णांना म्हटलं, बरा झाला. घरी पत्रात काहीच लिहिलं नाही. आई गावात सगळ्यांना सांगत होती, पोरगं क्यामेरा चालवतं.

आता खांद्यावरचा कॅमेरा केलेलाच असतो उजव्या डोळ्यासाठी. बघायची नळी डाव्या अंगाला पुढं आलेली असते, ती बरोबर उजव्या डोळ्यावर बसते. तिला डावा डोळा लावायचा तर मान मोडून गाल कॅमेऱ्यावर टेकवावा लागतो. खांदा उतरतो आणि त्याबरोबर चित्रही. वर्षभर मी तशीच लग्नं काढली. जमेल तिथं स्टँड लावायचा, नाही जमलं तर अंदाजानं. मांडव एका बाजूला कलंडलेला, नवरदेवाचा फेटा वर कापलेला. पार्ट्या तक्रार करायला लागल्या. अण्णा जुन्या कॅमेऱ्याला थोपटून म्हणाले, "म्हातारा झाला हा. आता नवा घिऊ."

सीडीचा जमाना आलाच होता. आम्ही दोघं पुण्याला गेलो. दुकानदारानं दोन कॅमेरे काचेवर मांडले. एक खांद्यावरचा, मोठा, ऐटदार. दुसरा हाताच्या पंजात मावणारा. त्याच्या कडेला खिडकीच्या फळीसारखा रंगीत पडदा उघडायचा. त्या पडद्यात कुठल्याही डोळ्यानं बघता येत होतं. तो उघडला आणि मला लग्नं पुन्हा सरळ दिसायला लागली.

अण्णांचं मन मोठ्यावर होतं. त्यांनी तो माझ्या खांद्यावर दिला. मी नळीला उजवा डोळा लावला, दाखवायला डावा मिटला. समोर नुसतं पांढरं. मी म्हटलं, जड आहे.

"जड?" अण्णा हसले. "टमाट्याची दोन-दोन क्रेटं उचलायचास की राव एका टायमाला."

मग मी बोलायला लागलो. छोट्याला उजेड कमी लागतो, लोडशेडिंगमध्ये जनरेटरवर हॅलोजन ओढायला नको, चित्र जास्त स्वच्छ, जीपमध्ये मांडीवर मावतो. यातलं एकही खोटं नव्हतं. दुकानदारही मान हलवत होता. अण्णा म्हणाले, आपल्याकडं लोक चित्र नंतर बघतात, क्यामेरा आधी बघतात. मी म्हटलं, दिवस बदललेत. शेवटी अण्णा म्हणाले, "रोज तुला धरायचाय. तू म्हणशील त्यो."

माणसानं इतका विश्वास टाकल्यावर तरी तोंड उघडायला हवं होतं. मी पिशवी धरली आणि एसटीत खिडकीशी बसलो.

तुळशीचं लग्न झालं, सराई सुरू झाली. पहिल्याच मांडवात नवरदेवाच्या मामानं मला अडवलं. "ओ शूटिंगवाले, मोठा क्यामेरा गाडीत ऱ्हायला का?" मी म्हटलं, हाच आहे, नवा आहे. त्यानं पाहुण्यांकडं बघत म्हटलं, "अहो, आमच्या पोराचं लगीन हाये, बारसं न्हाई." सगळे हसले. दुसऱ्या लग्नात एका म्हाताऱ्यानं विचारलं, एवढ्याशात आमची सगळी भावकी मावायची का. हसण्यावारी नेलं तरी बोलणं पसरत गेलं. ठरलेल्या दोन ऑर्डरी मंचरच्या एका स्टुडिओकडं गेल्या, कारण त्याच्याकडं खांद्यावरचा होता.

तिसऱ्या लग्नाला अण्णा स्वतः निघाले. कपाटातला जुना व्हीएचएस पुसून त्यांनी बरोबर घेतला. कॅसेट नाही, बॅटरी नाही. पन्नाशीचा माणूस, स्वतःची द्राक्षबाग असलेला. तो रिकामा कॅमेरा खांद्यावर ठेवून मांडवाच्या मधोमध उभा राहिला. बायका त्यांच्याकडं बघून पदर सावरायच्या, मामे मिशीवरून हात फिरवायचे. मी कडेला उभा राहून छोट्यात खरं लग्न टिपत होतो. लोक खूश झाले. परतताना अण्णा खांदा चोळत होते, पण माझ्या निवडीवर एक शब्द बोलले नाहीत. मी मनातल्या मनात रोज ठरवायचो, आज सांगू. सांगितलं तर कॅमेरा जाईल, मग माळा, मग ताट. रोज दिवस टळायचा.

असं त्यांनी सात-आठ लग्नं केली. मग मंचरच्या अलीकडच्या गावातलं ते लग्न आलं. नवरदेव मांडवाच्या तोंडाशी आला होता. ओवाळायला करवली ताट घेऊन आली, ती माझ्या उजव्या अंगानं. मी पडद्यात नवरदेव पकडला आणि त्याला नीट घ्यायला एक पाऊल उजवीकडं टाकलं. ताट उडालं. निरांजन विझून पायात पडलं, कुंकू पोरीच्या साडीवर सांडलं. दिवा विझला, असं बायकांमध्ये कुणी तरी म्हटलं. मग नवऱ्याकडचे दोघं-तिघं अंगावर आले. एकानं माझी कॉलर धरली. डोळे फुटले का, असं त्यानं विचारलं, चारचौघांत कुणालाही विचारतात तसं.

अण्णा गर्दीतून आत आले. खांद्यावरचा कॅमेरा त्यांनी खाली मातीत ठेवला आणि हात जोडले.

"सोडा त्याला," ते म्हणाले. "त्याला त्या बाजूनं दिसत न्हाई. चूक माझी हाये, मी त्याला उभा केला."

कॉलर सुटली. माणसं माझ्या चष्म्याकडं बघायला लागली. मार चुकला, पण या धंद्यात एका डोळ्याच्या शूटिंगवाल्याला दुसऱ्यांदा कुणी बोलवत नाही, हे मला तिथंच कळलं. अण्णांनाही कळत असणार. त्यांनी माझ्या हातातून छोटा कॅमेरा घेतला आणि ते लग्न स्वतः पूर्ण केलं. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

येताना कळंब ओलांडल्यावर मी विचारलं, कधीपासून माहीत होतं.

"रिकामा क्यामेरा धरला तवापासनं," अण्णा म्हणाले. "त्याच्यात बघायला काय न्हवतं. मग तुझ्याकडं बघायचो. उजवीकडं बघायचं म्हणलं की सगळी मान फिरवायचास." पुढं म्हणाले, "तू सांगशील म्हणून थांबलो व्हतो."

मी चष्मा काढून खिशात ठेवला.

महिन्याभरात छोटा कॅमेरा गेला आणि खांद्यावरचा आला. तो अण्णांचा पुतण्या चालवायला लागला. मला स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर बसवलं, आलेली लग्नं जुळवायला. माळा राहिला, ताट राहिलं. अण्णा अजूनही आमचा माणूसच म्हणत होते. मी मात्र दर रविवारी कॅलेंडरवरच्या बारीक अक्षरांवर डावा डोळा तपासून बघायचो.

पहिलंच काम त्या मंचरकडच्या लग्नाचं होतं. ताट पडतं तेवढं काढून टाका, असा पार्टीचा निरोप होता. माझ्या हातातला कॅमेरा त्या वेळी चालूच राहिला होता. पडद्यावर नवरदेवाचे बूट, मग माती, मग कुणाचे तरी पाय, आणि त्यावर अण्णांचा आवाज स्वच्छ आलेला. कुठून कापायचं ते ठरवायला मला तो चार-पाच वेळा ऐकावा लागला. मग नवरदेव मांडवाच्या तोंडाशी येतो, तिथून सरळ अंतरपाटावर जोडून दिलं.