भिंगापुढचा हात

पडद्यावर कुणी मरायला टेकलं, की भाऊ प्रोजेक्टरच्या भिंगापुढे हात धरत.

ही गोष्ट लखनौच्या आमच्या मराठी मंडळातली, नव्वदीच्या सुरुवातीची. घरोघरी रंगीत टीव्ही आले होते, तरी महिन्यातल्या एका रविवारी हॉलमध्ये मराठी चित्रपट दाखवायचा प्रघात होता. रिळांचा डबा चारबाग स्टेशनवर पार्सलने येई. भाऊ तो सोडवून आणत, दुपारी एकट्याने सबंध चित्रपट बघून घेत आणि संध्याकाळी प्रोजेक्टरशेजारी स्टुलावर बसत. नाचगाण्याला, प्रेमाच्या प्रसंगांना त्यांची हरकत नसे. मरण आलं, की मात्र पडदा काळा. आवाज तसाच चालू राही, त्यामुळे अंधारात नुसतं रडणं ऐकू येई आणि ते बघण्यापेक्षा कितीतरी वाईट असे.

"अहो भाऊ, हात काढा. वर्गणी भरून अंधार बघायला आलोय का आम्ही?" मागून कुणीतरी म्हणे.

"रविवारी कशाला रडता? वाईट बातमी शिळी होत नाही. उद्या विचारा, सांगतो."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. वाईट गोष्टीच्या आणि लोकांच्या मध्ये जाऊन उभा राहणारा. आपल्याला त्याचा राग येतो आणि तो नसला, की चुकल्यासारखं होतं.

चिनहटच्या कारखान्यात भाऊ आणि मी भरती विभागात होतो. नोकरीसाठी आलेल्या अर्जांची छाननी भाऊंकडे. कागदोपत्री तिला 'स्क्रीनिंग' म्हणत. हिंदी सहकाऱ्यांना भाऊ हे आडनाव वाटे, त्यामुळे दिवसभर "भाऊ साहब, स्क्रीनिंग हो गई?" चालायचं. छाननीत भाऊ कडक होते. खोटा दाखला त्यांच्या नजरेतून सुटत नसे, वशिला चालत नसे. पण नकाराची पत्रं होळी-दिवाळीच्या तोंडावर टपालात जात नसत. सण उलटेपर्यंत ती त्यांच्या कपाटात राहत. साहेबांनी एकदा जाब विचारला, तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाले, "सर, नौकरी तो वैसे भी नहीं मिली. होली की गुझिया तो खा लेने दीजिए."

जूनमध्ये मंडळासाठी दशहरी आंबे आणायला ते मलिहाबादला जात. बागेत व्यापाऱ्याची माणसं आंबे निवडून पेट्या भरत, पण भाऊंचा त्यांच्यावर विश्वास नसे. ते प्रत्येक पेटी पुन्हा उपसत आणि डागी आंबा निघाला, की आपल्या पिशवीत टाकून त्या जागी चांगला ठेवत. भाऊंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "इतकी वर्षं दशहरीच्या मुलखात राहते, पण आमच्या घरात एक धड आंबा शिरला नाही."

वहिनी मूळच्या अचलपूरच्या. मूलबाळ नव्हतं. म्हातारी आई गावी धाकट्या भावाकडे असे. दर मे महिन्यात वहिनी आईकडे जात, तेवढाच त्यांचा वर्षाचा प्रवास.

एका ऑक्टोबरात कारखान्याच्या वसाहतीत बायकांसाठी तपासणी शिबिर ठरलं. अर्जांसाठी वापरायचो तोच शब्द सूचनाफलकावर बायकांसाठी बघून मला कसंसंच झालं, पण दवाखान्यातही त्याला स्क्रीनिंगच म्हणतात. बायका यायला तयार नव्हत्या. भाऊ दारोदार हिंडले. काही निघणार नाही, आणि निघालंच तर वेळेवर निघेल, असं प्रत्येकीला समजावलं. इतरजणींची भीड चेपावी म्हणून सगळ्यांत आधी वहिनींना बसवलं.

निघालं ते त्यांचंच. छातीतली गाठ, आणि ती पसरलेली. डॉक्टरीणबाईंनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं. भाऊंनी वहिनींना सांगितलं, की साधी गाठ आहे, औषधाने विरघळेल.

त्या रविवारी त्यांनी मंडळातल्या सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं आणि तिच्यासमोर कुणी अवाक्षर काढायचं नाही, असं बजावलं. आम्ही माना डोलावल्या. आपल्याकडे असंच करतात. प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी हे झालेलं, त्यामुळे कुणालाच वावगं वाटलं नाही.

मग भाऊंचा दिवस त्यातच जाऊ लागला. हॉस्पिटलात ते वहिनींना मागच्या फाटकाने नेत, म्हणजे पुढची पाटी दिसायला नको. भेटायला येणाऱ्याला दारातच थांबवत. "चेहरा नीट करा, मग आत जा." अचलपूरला पत्रं स्वतः लिहीत आणि त्यांत सर्व क्षेम असे.

वहिनींचं जेवण आम्ही आपसांत वाटून घेतलं होतं, त्याची यादी माझ्याकडे होती. प्रत्येकीने आपल्या हातचं सगळ्यांत चांगलं तेच करावं, यात काही ठरवाठरवी नव्हती, ते आपोआप झालं. पाटवड्या झाल्या, साटोऱ्या झाल्या, पुरणपोळ्या तर दोनदा. एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा भाऊ औषधं आणायला गेले होते. वहिनींनी डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि हसल्या.

"सण नाही, वार नाही, रोज एकीचं गोडधोड. मी काय बाळंतीण आहे का ताई?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायला बघितलं. त्यांनी हातानेच थांबवलं.

"मागच्या फाटकानं नेतात मला, पाटी वाचू नये म्हणून. पाटी कशाला वाचायला पाहिजे? आत बाकावर बसलेल्या बायांच्या डोक्यावर केस नसतात."

मी म्हटलं, मग भाऊंना सांगून टाका, निदान लपवाछपवी तरी संपेल. त्यावर त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं.

"त्यांना नाही झेपायचं. मला काही कळू देत नाही, एवढ्यावरच उभे आहेत ते." मग म्हणाल्या, "मला एकदा आईला भेटायचंय. तेवढं तुम्ही बघा. पण मला माहीत आहे, हे न सांगता."

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी भाऊंपुढे विषय काढला. वहिनींना माहेरी नेऊन आणा, रिझर्व्हेशनचं मी बघते. प्रवास झेपणार नसेल, तर आईंना इकडे आणू. भाऊंनी मान हलवली. अवेळी माहेरी नेलं, की तिला संशय येणार. आईला बोलावलं, की खात्रीच पटणार. मे महिन्यात नेहमीसारखं जाऊ, म्हणाले.

मे महिना वहिनींच्या वाट्याला नव्हता, हे भाऊंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. शेवटी मी वहिनींचा शब्द मोडला आणि म्हटलं, "भाऊ, त्यांना सगळं माहीत आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचं हसू आलं. "नाही हो ताई. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. कालच तिनं ट्रंक उघडली. मे महिन्यात गावी कुठल्या साड्या नेऊ, म्हणून मलाच विचारत होती. माहीत असलेलं माणूस साड्या काढतं का?"

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा पलंगावर साड्यांचे दोन ढीग होते. सुती एकीकडे, जरीच्या एकीकडे. भाऊ स्वयंपाकघरात चहा करत होते. मी ढिगांकडे बघत राहिले, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "त्यांच्यासाठी काढल्यात. साड्या काढल्या, की त्यांना झोप लागते."

मी आणखी एकदा भाऊंशी बोलले. आमच्यातल्या दोन ज्येष्ठांनाही बोलायला लावलं. उपयोग झाला नाही. दरवेळी ते साड्यांचंच सांगत.

जानेवारीत धुकं इतकं उतरलं, की समोरचं घर दिसेना. त्याच दिवसांत वहिनींची शुद्ध हरपली. तेव्हा कुठे भाऊ कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि मेव्हण्याला खरं सांगितलं. मेव्हणा आईला घेऊन तसाच निघाला, पण धुक्यामुळे गाड्या रखडल्या होत्या. ते दोघं पोचले, तेव्हा सगळं आटोपून दुसरा दिवस उजाडला होता.

आई लहानखुऱ्या, नऊवारी नेसलेल्या. प्रवासाने पार चुरगळून गेल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. सतरंजीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि भाऊंकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, माह्यासाठी काही बोलली काय पोरगी शेवटी?"

भाऊ आता काहीतरी गोड सांगतील, अशी खोलीतल्या आम्हा सगळ्यांची खात्री होती. खरं सांगायचं, तर आम्हालाही तेच हवं होतं. भाऊ उभेच होते. अंगावरची शाल त्यांनी दोनदा नीट केली.

"मी तिला बोलूच दिलं नाही, आई."

आईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. काय म्हणतील, कुणाला कळेना. मग त्या सतरंजीवर थोड्या बाजूला सरकल्या आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून म्हणाल्या, "बसा."

भाऊ पुढच्या वर्षी निवृत्त झाले. ते नागपूरला, आपल्या मूळ गावी जातील, असं आम्हाला वाटत होतं. मेव्हण्याची बदली झाली होती, आई गावी एकट्याच होत्या. भाऊंनी सामान अचलपूरला पाठवलं. "अठ्ठावन्नाव्या वर्षी घरजावई होतोय, ताई," एवढंच म्हणाले आणि चारबागवरून गेले. लखनौला पुन्हा आले नाहीत.

काही वर्षांनी मी अमरावतीला एका लग्नाला गेले होते, तेव्हा सकाळची एसटी धरून अचलपूरला जाऊन आले. आईंना आता दिसत नव्हतं. अंगणात उन्हाला खाट टाकली होती, त्यावर त्या, आणि शेजारी खुर्चीत भाऊ, हातात वर्तमानपत्र. मला बघून ते उठू लागले, मी बसूनच राहा म्हटलं. त्यांनी पहिल्या पानावरची मोठी बातमी वाचायला घेतली.

"थे राहू द्या," आई म्हणाल्या. "आधी निधन वाचा."

भाऊंनी पान उलटलं आणि वाचू लागले. नाव, वय, गाव, मागे कोण कोण आहे, अंत्ययात्रा कुठून निघणार, सगळं सावकाश, एकही ओळ न गाळता. एका नावाशी आईंनी त्यांना थांबवलं. ती बाई त्यांच्या माहेरच्या गल्लीतली होती, लहानपणी दोघी विहिरीवर बरोबर जायच्या, आवाज फार गोड होता तिचा. आई सांगत राहिल्या. भाऊ त्या ओळीवर बोट ठेवून ऐकत राहिले.

सांगून झालं, तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढचं वाचू?"

"वाचा," आई म्हणाल्या.